बुजवलेल्या तीन खिडक्या

इंग्लंडमधल्या एका शहरात, एका चौकाच्या कोपऱ्यावर, अडीचशे वर्षांपूर्वीचं एक संरक्षित घर आहे. ते मी एका शनिवारी दुपारी, दुबईत, आमच्या जेवणाच्या टेबलावर फोडलं.

तिथल्या सरकारला हे अजून कळलेलं नाही. त्या घराच्या दाराला नवा रंग द्यायचा म्हटला तरी मालकाला अर्ज करून परवानगी काढावी लागते म्हणे. मी तर आख्खी भिंत पाडली! आता ते घर म्हणजे माझ्या मुलीने, सनाने, आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षासाठी केलेलं मॉडेल होतं, ही गोष्ट खरी. पण तिचा त्या वेळचा चेहरा तुम्ही पाहिला असता, तर खरं घर पाडलं असतं तर बरं, असं तुम्हीही म्हणाला असता.

मी मुश्ताक. मूळचा दाभोळकडचा. गेली सव्वीस वर्षं हमरिया फ्री झोनमध्ये ॲल्युमिनियमच्या खिडक्या बनवतो आणि अल मनखूलला राहतो. (म्हणजे राहायला दुबईत, कामाला शारजाच्याही पलीकडे. माझं निम्मं आयुष्य घरी गेलं, निम्मं ट्रॅफिकमध्ये.) मला जगातला एकच विषय येतो, तो म्हणजे खिडकी. भिंतीकडे पाहिलं की मला भिंत दिसत नाही, खिडकीची जागा दिसते. नसीमला, माझ्या बायकोला, पाहायला गेलो होतो तेव्हा मी तिच्याकडे कमी आणि तिच्या माजघराच्या खिडकीकडे जास्त पाहत होतो, असं ती आयुष्यभर सगळ्यांना सांगायची. मी म्हणायचो, "अगं, चौकट वाकडी होती." ती म्हणायची, "आणि मी सरळ होते, म्हणून बघितलं नाही!"

ही गोष्ट घडली तेव्हा नसीमला जाऊन चौदा महिने झाले होते.

आमच्या घरात बोलायचं खातं तिच्याकडे होतं. माझं म्हणणं ती सनाला सांगायची, सनाचं मला. मधल्या मध्ये दोघांच्याही म्हणण्यात ती आपल्या पदरची भर घालायची, त्यामुळे आम्हा बापलेकीला वाटायचं की आपलं किती छान जमतं! ती गेली आणि लाइनच तुटली. मागे राहिले माझे तीन प्रश्न आणि सनाची तीन उत्तरं. "जेवलीस का?" "यस, अब्बा." "कॉलेज कसं चाललंय?" "फाइन, अब्बा." "हे काय बनवतेयस?" "लेटर, अब्बा." ते 'लेटर' चौदा महिन्यांत एकदाही उगवलं नाही. आणि उन्हाळा संपला की ती पुढच्या शिक्षणासाठी परदेशी जाणार होती. त्याआधी पोरीने माझ्याशी चार वाक्यं सलग बोलावीत, एवढीच माझी अल्लाकडे मागणी होती. आता ती मागणी मंजूर झाली ती कशी, तेच सांगतो.

तीन आठवडे ते घर आमच्या टेबलावर उभं राहत होतं. आम्ही जमिनीवर दस्तरखान घालून जेवत होतो आणि एक इंग्लिश बंगला वरून आमच्या ताटात बघत होता. बंगला तरी कसं म्हणू! खरं घर रुंदीला आमच्या हॉलएवढंच, उंचीला तळघर धरून पाच मजले. दोन्ही हात अंगाला चिकटवून लिफ्टमध्ये उभ्या राहिलेल्या माणसासारखं ते घर. समोर चौक, चौकात बाग. दारावर अर्धगोल काच, तिच्यात पंख्यासारखी नक्षी. छप्पर आहे, पण पुढे भिंत वर चढवून ते लपवलेलं. आणि खिडक्या! काय हिशेबाने केलेल्या! पहिल्या मजल्यावर सगळ्यात उंच, कारण तिथे मालकाचा दिवाणखाना. वर जाल तशा बुटक्या होत जातात, आणि अगदी वरच्या मजल्यावर नुसते चौकोन, कारण तिथे नोकर झोपायचे. (नोकरांना उजेड कमी लागतो, हा समज फक्त आपल्याकडे आहे असं मला आजवर वाटत होतं.) मी रोज संध्याकाळी हात मागे बांधून त्या घराला फेरी मारायचो. हात लावायचा नाही, हे सनाने न बोलता सांगितलं होतं. टेबलाच्या कडेला कागद चिकटवला होता: 'डू नॉट टच. धिस मीन्स यू, अब्बा.'

पत्र तरी आलं, म्हणून मी खूश होतो.

त्या शनिवारी माझी मोठी बहीण, रुखसाना आपा, शारजाहून नेहमीप्रमाणे सांदण आणि कोळंबीचं कालवण घेऊन आली. सना दोन रात्री जागून दुपारी झोपली होती. सोमवारी ज्युरी, म्हणजे बाहेरचे परीक्षक येऊन मॉडेल बघणार आणि मार्क देणार. आपाने बुरखा काढून ठेवला आणि टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"हे कुठलं रे घर?"

"जॉर्जियन आहे."

"अल्ला! आमच्या शेजारचे ईदला गेले होते ना जॉर्जियाला. व्हिसा लागत नाही. बर्फात फोटो काढून आले!"

"ते जॉर्जिया नाही, आपा. इंग्लंडात जॉर्ज नावाचे राजे होते, त्यांच्या काळातलं."

"किती खर्च आला पोरीला?"

"लेझर कटिंगचेच सहाशे दिरहम गेले."

"सहाशे दिरहम?" आपाचे ओठ हलले. "म्हणजे चौदा हजार रुपये! अरे, तेवढ्यात गावाला खरा दरवाजा बसतो. सागवानी!"

असं म्हणत ती टेबलाला वळसा घालून घराच्या बाजूच्या भिंतीपाशी गेली, आणि तिथे थांबली. मीही तिच्या मागे गेलो. इथेच माझं नशीब फिरलं.

घर कोपऱ्यावरचं, त्यामुळे त्याची एक बाजूची भिंतही रस्त्यावर. त्या भिंतीत तीन खिडक्या होत्या, एकीवर एक. म्हणजे चौकटी होत्या, खाली दगडी पट्ट्या होत्या, वर कमानी होत्या. पण आत काच नव्हती. तिन्ही जागा विटांनी बंद! पुढच्या बाजूला एक-एक काच डोळ्यात तेल घालून बसवलेली, आणि इथे विटा.

"मुश्ताक," आपा हळूच म्हणाली, "पोर विसरली."

आता तुम्ही म्हणाल, विचारायचं होतं. कुणाला विचारू? ती झोपली होती. आणि मला विचारायची गरजच वाटली नाही, कारण असल्या भिंती मी सव्वीस वर्षं पाहत आलोय. आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. साइटवर खिडकी वेळेत पोचली नाही, की वाळू आत येऊ नये म्हणून खिडकीच्या जागी कच्चे ब्लॉक रचून ठेवतात. मग खिडकी आली की ब्लॉक काढायचे आणि चौकट बसवायची. विटा दिसल्या म्हणजे त्याचा अर्थ एकच: खिडकी यायची आहे. उशीर झालाय. कॉन्ट्रॅक्टर बोंबलतोय!

"दोन रात्री झोपली नाही बिचारी," आपा म्हणाली. "आई असती तर बघितलं असतं. परवा त्या गोऱ्या मास्तराने विचारलं की बाई, खिडक्या कुठं आहेत, तर काय सांगेल?"

'आई असती तर' हे मला लागलं. आई नाही, पण बाप आहे ना? आणि बाप कोण? खिडकीवाला! आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मुलीचा अभ्यास माझ्या आवाक्यात आला होता. लहानपणी गणितं नसीम घ्यायची, इंग्लिश तिचं तिलाच माझ्यापेक्षा जास्त यायचं. मी शाळेत फक्त फी भरायला जायचो. आज अल्लाने स्वतः तीन खिडक्या माझ्यासाठी शिल्लक ठेवल्या होत्या.

"आपा," मी म्हणालो, "एका तासाचं काम आहे."

(खिडकीवाल्याने 'एका तासाचं काम' म्हटलं की शहाण्या माणसाने घर सोडून हॉटेलात जावं.)

माझ्या बॅगेत कंपनीचे नमुने असतातच. निळ्या रिफ्लेक्टिव्ह ॲक्रिलिकचा तुकडा होता, चांदीच्या रंगाची पट्टी होती, मच्छरदाणीची जाळीही होती. मी चष्मा लावला, कटर घेतला आणि पहिल्या खिडकीतल्या विटा काढायला सुरुवात केली. वरवर विटांचा पातळ पुठ्ठा, आत फोमबोर्ड. लोण्यासारखं कापलं गेलं. पहिली खिडकी वीस मिनिटांत तयार! सरकती, दोन पल्ल्यांची, निळी काच, वर जाळीसुद्धा. खुद्द जॉर्ज राजाला मिळाली नसेल अशी!

"माशाल्ला!" आपा म्हणाली. "पण ए.सी. कुठं लावणार?"

"नंतर बघू."

दुसरी खिडकीही झाली. तिसरीच्या विटा मात्र काही केल्या निघेनात. मी कटर जरा जोरात दाबला. आता मला कसं कळावं, की आतला जिना पोरीने नेमका त्या विटांच्या मागच्या बाजूला चिकटवला होता? कट्ट असा आवाज आला. जिना खाली बसला. जिन्यावर टेकलेला मजला खाली बसला. मग ती सगळी भिंत, माझ्या दोन सुंदर सरकत्या खिडक्यांसकट, हळूहळू बाहेर झुकली आणि छप्पर लपवणारा वरचा कठडा बागेत पडला.

आम्ही दोघं श्वास धरून सनाच्या खोलीच्या दाराकडे पाहत राहिलो. दार हललं नाही.

"खलास," आपा कुजबुजली.

"खलास काही नाही. सिलिकॉन आहे!"

कुठलंही संकट सिलिकॉनने भागतं, ही आमच्या धंद्याची श्रद्धा आहे. खिडकी गळते? सिलिकॉन. चौकट हलते? सिलिकॉन. इंजिनिअर ओरडतो? जिथे बोट दाखवतो तिथे सिलिकॉन. मी सिलिकॉनची बंदूक आणली, भिंत उभी केली आणि आपाला म्हणालो, "धर." आपाने दोन्ही हातांनी घर धरलं. मी दाबलं. नळी जुनी होती, आधी काहीच येईना. आणि मग एकदम आलं! सगळ्या भिंतीवर, पुढच्या बाजूला, दारावर, आपाच्या बांगड्यांवर. पांढरं, चिकट, व्हिनेगरसारखा वास मारणारं. मी बोटाने पुसायला गेलो तर ते विटांच्या रेघारेघांत जाऊन बसलं. लाल विटांचं घर पांढऱ्या कोडाने भरल्यासारखं दिसायला लागलं.

"थांब, पुसू नकोस!" आपा म्हणाली. "माझ्याकडे उपाय आहे." आणि ती बाथरूममधून सनाची नेलपॉलिश काढायची बाटली घेऊन आली. "ह्याने काहीही निघतं."

खोटं नव्हतं ते. काहीही निघालं! आपाने कापसाचा बोळा दारावर फिरवला, तर अर्धगोल काचेवरची पंख्याची नक्षी दुधासारखी धुरकट झाली. तिने घाबरून आणखी ओतलं. ते कापलेल्या भिंतीतून आत गेलं, आणि आतला फोम फसफसत विरघळायला लागला. आमच्या डोळ्यांदेखत! अडीचशे वर्षं उन्हापावसात उभं राहिलेलं घर माझ्या बहिणीच्या हातात साखरेच्या बत्ताशासारखं आत बसत चाललं होतं.

"मुश्ताक, हे छोटं होतंय रे!"

"सोड! सोड ते!"

"सोडलं तर पडेल!"

"अब्बा?"

सना दारात उभी होती. केस विस्कटलेले, अंगात नसीमचा जुना घरातला कुर्ता. तिने माझ्याकडे पाहिलं, फुप्पीच्या हातांतल्या घराकडे पाहिलं. मग बाजूच्या भिंतीतली माझी निळी सरकती खिडकी तिला दिसली. मच्छरदाणीसकट.

"चहा घेतेस का, बाळा?" आपा म्हणाली.

सना ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती भिंतीला टेकून खाली जमिनीवर बसली आणि दोन्ही हातांत डोकं धरलं. मी समजूत काढायला गेलो. "बेटा, तू खिडक्या विसरली होतीस ना, म्हणून मी..."

"मी विसरले नव्हते." तिने वर पाहिलं. "अब्बा, दोज विंडोज आर सपोज्ड टु बी क्लोज्ड."

आणि मग ती बोलली. चौदा महिन्यांचं साठलेलं बोलली. अर्धं इंग्लिश, अर्धं मराठी, आणि रडणं दोन्हींत. त्या काळी तिकडे खिडक्यांवर कर होता. जितक्या खिडक्या तितका कर. म्हणून लोकांनी विटा रचून खिडक्या बंद केल्या. पण चौकट काढली नाही, कमान काढली नाही. पुढे कर गेला. तरी त्या खिडक्या तशाच राहिल्या, आणि आता घर संरक्षित, म्हणून कुणाला त्यांना हात लावता येत नाही. तिचं सगळं प्रेझेंटेशन त्या तीन बंद खिडक्यांवर होतं. बाकीचं घर तिने त्यांच्यासाठी बांधलं होतं.

"एवढ्या घरांत तुला बंद खिडक्यांचंच का सापडलं?" मी विचारलं. वेंधळ्यासारखं.

"यू रिअली डोन्ट नो?" ती म्हणाली. "अब्बा, आपल्या घरात पण एक आहे. यू डिड इट."

आता इथे मला एक कबुली द्यायला हवी. इतका वेळ तुम्हाला हसवण्याच्या नादात मी ती टाळली. आमच्या बेडरूमला एक खिडकी आहे. शेवटचे पाच महिने नसीम तिच्याजवळच बसून असायची. तिला चालवत नव्हतं, म्हणून खुर्ची तिथेच ठेवली होती. खाली गल्ली दिसते. मी कामावरून आलो की ती मला आख्ख्या गल्लीच्या बातम्या द्यायची. समोरच्या मल्याळी बाईने गाडी पुन्हा कशी घासली, लाँड्रीवाला कुणाशी भांडला, आणि 'आज तू पार्किंग शोधत तीन चकरा मारल्यास, मी मोजल्या.' ती गेली त्याच्या चौथ्या दिवशी मी मोठं कपाट सरकवून त्या खिडकीसमोर उभं केलं. सगळ्यांना सांगितलं, ऊन फार येतं. दुबईत हे कारण कुणालाही पटतं. सनालाही पटलं असेल, असं मी धरून चाललो होतो. ऊन कसलं! त्या रिकाम्या खिडकीकडे मला बघवत नव्हतं, एवढंच. सव्वीस वर्षं लोकांच्या भिंतींत उजेड बसवला, आणि स्वतःच्या घरातला कपाटाने बुजवला.

"मला पण तिथे बसायचं होतं," सना म्हणाली. "तुम्ही विचारलं नाही."

मी जमिनीवर तिच्या शेजारी बसलो. माझे हात सिलिकॉनने चिकटले होते, तिच्या डोक्यावर ठेवले असते तर तिथेच राहिले असते. म्हणून नुसता बसलो. आपा मात्र अजूनही टेबलापाशी घर धरून उभी होती. "रडा, रडा," ती म्हणाली, "मी धरलंय. पण जरा लवकर, माझे हात भरून आले."

त्यावर सना हसली. रडता रडता, नाक पुसत, पण हसली.

संध्याकाळी आम्ही पंचनामा केला. पुढची बाजू वाचली होती, बागही. कठडा जोडता येण्यासारखा होता. बाजूची भिंत, जिना आणि दोन मजले गेले होते. लेझरवाल्याचं दुकान सोमवारपर्यंत बंद. सनाने माझ्याकडे पाहिलं. "अब्बा, किती ॲक्युरेट कापता येतं तुम्हाला?"

"अर्ध्या मिलिमीटरपर्यंत," मी म्हणालो. त्यात बढाई नव्हती. जगात तेवढंच एक मला येतं.

रविवारचा सबंध दिवस आम्ही टेबलाच्या दोन बाजूंना बसून होतो. ती सांगायची, मी कापायचो. आपाला आम्ही स्वयंपाकघरात ठेवलं, बाटलीसकट. विटांच्या रेघा मी हाताने पाडल्या, पट्टी धरून, एक-एक. आयुष्यात हजारो खिडक्या केल्या, पण उघडायच्याच नाहीत अशा तीन खिडक्या करताना घाम फुटला. आणि त्या दिवशी ती बोलत होती. आधी चौकटी-कमानींचं, मग मैत्रिणींचं, मग आईचं. मला माहीत नसलेल्या कितीतरी गोष्टी. नसीमने तिला माझी पत्रं वाचून दाखवली होती, हे मला त्या दिवशी कळलं. (कुठली पत्रं, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. त्यांतल्या निम्म्यांत खिडक्यांची मापं होती.) मध्येच ती थांबायची, डोळे पुसायची, मी कटर खाली ठेवायचो, मग पुन्हा सुरू.

सोमवारी ज्युरी झाली. पोरीला 'बी' मिळाला. 'ए' मिळाला असता, हे तिने मला सांगितलं नाही. आपाने तिच्याकडून काढून घेऊन मला सांगितलं. एका परीक्षकाने म्हणे विचारलं, की बाजूच्या भिंतीतल्या विटा जरा डावीकडे का चालल्या आहेत? सना म्हणाली, "कॉन्ट्रॅक्टर." आणि दारावरची काच इतकी धुरकट का? ती म्हणाली, "इंग्लंडातलं धुकं, सर." मला वाईट वाटलं, फार वाईट. तिचे तीन आठवडे मी एका तासाच्या कामात घालवले होते. पण मी माफी मागायला लागलो, की ती हात वर करायची. "अब्बा, खलास."

बुधवारी मी हमरियातून लवकर निघालो. सना आणि मी, दोघांनी मिळून कपाट हलवलं. आधी त्यातले कपडे काढले. त्यात नसीमचेही होते. तिथे अर्धा तास गेला. मग एकीकडून मी, दुसरीकडून ती, "यल्ला, अब्बा!" करत ते धूड दुसऱ्या भिंतीकडे सरकवलं. खिडकीचा पल्ला जाम झाला होता. तो कसा उघडला ते विचारू नका, माझ्या धंद्याची अब्रू जाईल. पण उघडला. मावळतीचं ऊन खोलीत आलं, मागोमाग गल्लीचा आवाज आला. मी नसीमची खुर्ची पुन्हा तिथे ओढली आणि तिच्यात बसलो, तोंड खिडकीकडे करून, पाठ सनाकडे.

ती मागे कपड्यांच्या घड्या घालत होती. मग म्हणाली, "अब्बा."

"काय बेटा?"

"तुमचे केस."

"केसांना काय झालं?"

"पुढून काळे आहेत."

"कलप लावतो ना मी. दर महिन्याला."

"हो. पुढून." ती जवळ आली. "मागून सगळे पांढरे आहेत. कानापासून खालीपर्यंत. कलप संपतो तिथे एक लाल पट्टा आहे."

"कधीपासून?"

"चौदा महिने."

मी हात मागे नेऊन मान चाचपली, जसं काही हाताला रंग कळणार होता. "मग सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं तुम्हाला माहिती आहे. आय थॉट यू जस्ट डिडन्ट केअर एनीमोर."

केसांची मागची बाजू तिची आई करायची. महिन्यातून एकदा मला ह्याच खिडकीशी बसवून, खांद्यावर जुना टॉवेल टाकून, 'हलू नकोस, भिंत नाहीयेस तरी भिंतीसारखा बस,' म्हणत. ती गेल्यावर मी आरशासमोर उभा राहून लावायला लागलो, आणि आरशात जेवढा दिसतो तेवढाच मी रंगवला. मागे माझं काय चाललंय हे बघायला कुणी राहिलं नाही, ही गोष्ट चौदा महिन्यांत माझ्या लक्षातच आली नव्हती. त्या खुर्चीत बसल्यावर ती लक्षात आली आणि मी रडलो. मुलीसमोर पहिल्यांदाच. सना मागे उभी राहून माझ्या पांढऱ्या केसांतून हात फिरवत होती आणि मध्येच तिचं हसू फुटत होतं.

"शनिवारी मी लावून देते," ती म्हणाली. "पुढून-मागून एकच रंग."

पण शनिवारपर्यंत मध्ये दोन दिवस होते, आणि ते दोन दिवस मला कामावर जायचं होतं. जे चौदा महिने आख्ख्या हमरियाने पाहिलं, ते आता मलाही माहीत होतं! गुरुवारी मी जेवणाच्या सुट्टीत भिंतीला पाठ लावून बसलो. वर्कशॉपमध्ये कुणी मागून हाक मारली तर आख्खी गिरकी घेऊन वळलो. बॉसने केबिनमध्ये बोलावलं, काम सांगितलं, आणि निघताना माझ्यापुढे प्रश्न पडला की आता ह्याच्याकडे पाठ कशी करायची? मग मी छातीवर हात ठेवून, मान किंचित झुकवून, एक-एक पाऊल मागे टाकत, दारापर्यंत उलटा चालत गेलो.

बॉस बघतच राहिला. दार बंद होता होता मी त्याला शेजारी बसलेल्या मॅनेजरला म्हणताना ऐकलं, "चलो, मुश्ताकभाई अब गम से बाहर आ गए. देखा? कितनी तमीज़ आ गई है!"